पोलिसांचा प्रश्न आला की उठायचं

अर्लीन गॅस्किन्सला आमची सगळी काळ्या लोकांची वस्ती ‘मिस अर्लीन’ म्हणायची. सरकारी शाळेच्या जेवणघरात तिचा उभा जन्म गेला. डोक्याला जाळी, हातात पळी, आणि जिभेला हाड नाही. रांगेत कुणी ढकलाढकली केली की तिथूनच ओरडायची, “ए राजा, आईनं जेवायला पाठवलंय की कुस्ती खेळायला?” दोन पोरं भांडत आली तर दोघांनाही बाजूला घ्यायची, एकाचं ऐकायची, मग दुसऱ्याचं ऐकायची, आणि तिनं काय तो निवाडा दिला की मुख्याध्यापकसुद्धा त्यात तोंड घालत नसत. पोरं तिला टरकून असायची आणि तिच्याशिवाय दुसरीकडून ताट घ्यायची नाहीत. निवृत्त झाली, कमरेचं ऑपरेशन झालं, नवरा तर केव्हाच गेलेला. मुलगी दूर टेक्सासला. रविवारी चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना जागा दाखवायची. एवढंच काय ते तिचं जग. पण त्या जगात तिच्या शब्दाला मान होता, आणि मान असलेल्या माणसाचं कसं असतं, आपणही चुकू शकतो हे त्याला कुणी सांगतच नाही.

तिचा एक मोठा भाऊ होता, लॉनी. एका दारूच्या दुकानावर दरोडा पडला त्या संध्याकाळी लॉनी घरी आईच्या शेजारी उभा राहून मासे तळत होता. अर्लीन तेव्हा शाळकरी पोर होती, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यातला अर्धा मासा तिनंच खाल्ला होता. पण पोलिसानं बायबलवर हात ठेवून सांगितलं की मी ह्यालाच पळताना पाहिलं. आई रविवारची टोपी घालून कोर्टात गेली आणि शपथेवर म्हणाली, माझं लेकरू घरात होतं. निकाल देणाऱ्या ज्युरीत बाराच्या बारा माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाची, गोरी, इस्त्रीच्या कपड्यांतली. त्यांनी पोलिसाकडे पाहिलं, आईच्या टोपीकडे पाहिलं, आणि जेवायच्या सुट्टीआधी निकाल देऊन मोकळी झाली. लॉनी आत गेला तो तरणाताठा, बाहेर आला तो खोकत. फार जगला नाही. आई मरेपर्यंत एकच म्हणायची. भाजी निवडताना म्हणायची, टीव्ही बघताना मध्येच म्हणायची, “बारा खुर्च्या होत्या गं. एका खुर्चीवर आपलं माणूस असतं तर!” बाराही जणांचं एकमत झाल्याशिवाय शिक्षा होत नाही, एक जण अडून बसला तरी पुरे.

आता ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट वस्तीतल्या विद्येची.

आमच्या शहरात ज्युरीचं बोलावणं दरवर्षी कुणा ना कुणाला येतंच. आणि ते चुकवायचं कसं, हे आमच्याकडे पोराला सायकल शिकवावी तसं शिकवतात. बारा जण निवडायला जज पन्नास-साठ माणसं समोर बसवतो आणि एकेक प्रश्न विचारतो. ज्याला लागू पडेल त्यानं उभं राहायचं. आरोपीला कुणी ओळखतं का? कुणाचे नातेवाईक वकील आहेत का? असे बरेच प्रश्न होतात. त्यात एक येतो तो पोलिसांचा प्रश्न: केवळ पोलीस आहे म्हणून एखाद्याच्या साक्षीवर तुम्ही कमी किंवा जास्त विश्वास ठेवाल का? हा प्रश्न आला की उठायचं. मग जज तुम्हाला जवळ बोलावतो. तुम्ही म्हणायचं, माझा पोलिसांवर काडीचा विश्वास नाही. की झालं! जज म्हणतो, या तुम्ही. जेवायच्या आत घरी.

बरं, त्यात खोटं काय होतं? कुंपणानंच शेत खाल्लेलं आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. पोलिसावर विश्वास आहे असं म्हणणारा माणूस आमच्या रस्त्यावर सापडला असता तर त्याला डॉक्टरकडे नेला असता. पण मी म्हणतो, अरे बाबांनो, सरकार खोटं बोलतं म्हणून तुम्ही उठता. तुम्ही उठलात की खुर्ची रिकामी होते. आणि त्या खुर्चीवर मग कोण बसतं? ज्याच्या दारात पोलीस फक्त हरवलेलं मांजर परत द्यायला येतो, तो बसतो! पण हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. शहाणपण नेहमी मागाहून येतं.

अर्लीन ह्या विद्येत पारंगत होती. जेव्हा जेव्हा बोलावणं आलं, ती उठली. आणि रविवारी तीच चर्चच्या जेवणाला बसून म्हणायची, “आपल्या पोरांना कधी न्याय मिळायचा नाही. ज्युरीत आपलं माणूस बसवतात का कधी?” कुणालाच त्यात काही विसंगत वाटायचं नाही. तिलाही नाही.

त्या उन्हाळ्यात चर्चच्या बायकांची समुद्रावर सहल ठरली. तिची मैत्रीण जेनीवा सगळं जमवत होती: बस, खाणं, कोण कुणाशेजारी बसणार ते सगळं. ऑपरेशननंतर अर्लीन पहिल्यांदाच कुठं निघाली होती. तिनं नवी चप्पल घेतली, उन्हाची टोपी घेतली, पिशवी दाराशी भरून ठेवली. आणि सहलीच्या आदल्याच दिवसाचं ज्युरीचं बोलावणं आलं.

“जेनीवा, माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ नको हं,” ती फोनवर म्हणाली.

“अगं, पण तुला ठेवून घेतलं तर?”

“मला? मला ठेवून घेणारा जज अजून जन्मायचाय. पोलिसांचा प्रश्न आला की मी उठलेच समज.”

कोर्टात दुसऱ्या रांगेत तिला जागा मिळाली. जज बाई होती, आमच्यातलीच, पिकल्या केसांची, चष्मा नाकावर. तिनं सांगितलं की खटला दोन-तीन दिवस चालेल. अर्लीननं घड्याळाकडे पाहिलं. मग आरोपीला उभं केलं. केन्ड्रेल मॅब्री. विशी नुकतीच ओलांडलेला, कुणाचा तरी मागून आणलेला कोट, बाह्या मनगटाच्या वर. तो लोकांकडे वळून “गुड मॉर्निंग” म्हणाला. आरोप एवढाच की पोलिसानं म्हणे त्याला बेकायदा पिस्तूल गाडीखाली फेकताना पाहिलं. दुसरा साक्षीदार नाही, बोटांचे ठसे नाहीत. एका पोलिसाचं तोंड, बस्स. कुणी ह्याला ओळखतं का, असं जजनं विचारलं. अर्लीननं नीट पाहिलं. नाही ओळखलं. उगाच कशाला खोटं सांगू, हजारो पोरं तिच्या पळीसमोरून गेलेली, कुणाकुणाचे चेहरे लक्षात ठेवणार?

त्यानं मात्र तिला ओळखलं होतं.

मग तो प्रश्न आला. आणि काय सांगू, निम्मी खोली उठली. खुर्च्यांचा खडखडाट झाला. आमची माणसं जेवढी होती तेवढी सगळी: पोस्टातला माणूस, नखं रंगवलेली तरुण पोरगी, काठी घेतलेले आजोबा, अर्लीन. आरोपीनं मान वळवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, एवढी माणसं! एवढ्या माणसांना माहीत आहे की पोलीस खोटं बोलतात! बिचाऱ्याला वाटलं ही सगळी त्याच्या बाजूनं उभी राहिली. त्याच्या शेजारी त्याची वकील होती, सरकारनं दिलेली, सर्दीनं नाक लाल झालेली. तिनं कपाळावर हात मारून घेतला. तिला ठाऊक होतं की ही सगळी आता घरी चाललीत.

एकेकाला जजच्या टेबलाशी बोलावलं. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिथं एक यंत्र लावतात, ते नुसतं सू सू करत राहतं. आरोपी आपल्या जागेवर बसून कानाला ऐकायचं यंत्र लावून सगळं ऐकत होता. अर्लीनची पाळी आली.

“गॅस्किन्सबाई, तुम्ही उठलात,” जज म्हणाली.

“हो जजबाई. खोटं कशाला बोलू? पोलीस मला म्हणाला ना की आज गुरुवार आहे, तर मी घरी जाऊन कॅलेंडर बघीन.”

टायपिंग करणाऱ्या माणसानं हसू दाबलं. अर्लीनला बरं वाटलं.

“असं का वाटतं तुम्हाला?”

आणि अर्लीननं लॉनीची गोष्ट सांगितली. मासे सांगितले, आईची टोपी सांगितली, खोकला सांगितला. एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. सरकारी वकील, एक पोरगेला माणूस, खाली बघत राहिला.

मग ती सर्दीवाली वकील पुढं आली. “तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं, बाई. माझा एकच प्रश्न आहे. जजबाईंनी तुम्हाला सांगितलं की पोलिसाचं म्हणणं इतर कुणाच्याही म्हणण्यासारखंच तोलून बघा, जास्तही नाही, कमीही नाही, तर तुम्ही तसं तोलून बघाल का?”

इथं सगळं होतं. आणि अर्लीनला ते कळलं. कळलं नाही असं कुणी म्हणू नये, ती स्वतःही पुढं कधी तसं म्हणाली नाही. वकील तिला दार उघडून देत होती. एक ‘हो’ म्हटलं की ती राहिली असती. आणि ‘हो’ म्हणणं हेच खरं होतं. दोघांचं ऐकून घेऊन मग बोलायचं, ह्याशिवाय तिनं जन्मभर केलं काय होतं? आई ज्या खुर्चीसाठी झुरून मेली ती खुर्ची चार पावलांवर होती, रिकामी.

जज चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाली, “सावकाश सांगा. घाई नाही.”

अर्लीननं घड्याळाकडे पाहिलं. दाराशी ठेवलेली पिशवी तिच्या डोळ्यांसमोर आली.

“नाही जमायचं जजबाई,” ती म्हणाली. “मला नाही तोलता यायचं.”

वकिलीणबाईचे खांदे पडले. जजनं कागदावर काहीतरी खूण केली. “या तुम्ही,” ती म्हणाली, आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर जाताना आरोपीच्या टेबलाजवळून जावं लागतं. त्यानं कानावरचं काढलं होतं. तो तिच्याकडे बघून हसला आणि ओठांनी, आवाज न करता, “थँक यू, मिस अर्लीन,” म्हणाला. हा मला ओळखतो? एवढंच तिच्या मनात आलं. तिनं मान हलवली आणि बाहेर पडली. रस्त्यात तळलेलं चिकन घेतलं आणि जेवायच्या वेळेला घरी.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिनं सगळा प्रसंग करून दाखवला. उठून, सीटच्या पाठीला धरून. जज झाली, सरकारी वकील झाली, कॅलेंडरचं वाक्य दोनदा म्हटलं. बायका हसून हसून बेजार झाल्या. जेनीवा डोळे पुसत म्हणाली, “अगं बाई, तुझ्या तोंडाला कुणी कुलूप घाला!” लॉनीचं ऐकून पुढच्या सीटवरची एक म्हातारी “प्रभू रे!” म्हणाली, आणि सगळ्या क्षणभर गप्प झाल्या, आणि त्याही शांततेचं अर्लीनला बरं वाटलं. मग समुद्र आला. नवी चप्पल हातात घेऊन ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. कोळंबी खाल्ली. उन्हानं नाक सोललं. कित्येक वर्षांत इतका चांगला दिवस गेला नव्हता.

तिकडे कोर्टात साक्ष चालू होती.

दोन आठवड्यांनी तिच्या दाराशी एक म्हातारी आली. हातात झाकलेला पाउंड केक, अंगात चर्चला जायचे कपडे. “मी ओरा मॅब्री,” ती म्हणाली. “केन्ड्रेलची आजी. मीच वाढवलं त्याला. तुमचं घर विचारत विचारत आले.”

अर्लीननं तिला आत घेतलं, पंखा लावला, गार चहा दिला. ओरा मॅब्रीनं केक टेबलावर ठेवला, पण स्वतः बसेना. तिनं अर्लीनचे दोन्ही हात धरले.

“त्याला दहा वर्षं दिली,” ती म्हणाली. “निकाल द्यायला ज्युरीनं दुपारचा चहासुद्धा होऊ दिला नाही. एक चेहरा नव्हता त्यात आपला. पण मिस अर्लीन, तो मला फोनवर म्हणतो, ‘आजी, एक बाई माझ्यासाठी उभी राहिली. आमच्या जेवणघरातली. तिनं जजच्या तोंडावर सांगितलं की पोलीस खोटं बोलतात. स्वतःच्या भावाचं सांगितलं. म्हणून तर तिला काढून टाकलं.’ दर फोनला हेच सांगतो. जेवत नव्हता तो, आता थोडं जेवतो. देव तुमचं भलं करो. तुमचे उपकार मी कसे फेडू?”

अर्लीनचे हात त्या म्हातारीच्या हातांत होते आणि ते तिला ओढून घेता येईनात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. मग एकदम सगळं बाहेर आलं.

“मिस ओरा, मला केक देऊ नका. मला राहता आलं असतं. त्या वकिलीणबाईनं मला विचारलं होतं. मी खोटं बोलले. मला घरी यायचं होतं.”

ओरा मॅब्रीनं तिचे हात सोडले. खुर्ची ओढली आणि बसली. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली. अर्लीनला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, आणि शिव्या दिल्या तर किती बरं होईल.

“मीसुद्धा दर वेळी उठलेय,” ओरा शेवटी म्हणाली. “एकदा पाहुणे यायचे होते. एकदा तर काहीच नव्हतं, नुसता कंटाळा. समोर कुणाचं तरी पोर होतंच की उभं. त्याचं पुढं काय झालं, मी कधी विचारलंही नाही.”

गार चहा तसाच राहिला.

“पण एक ऐका,” ओरा म्हणाली, आणि आता तिचा आवाज बदलला. “हे त्याला सांगायचं नाही. तुम्हाला मन मोकळं करायचंय ना? देवापुढं करा, पाद्रीपुढं करा. माझ्या नातवापुढं नाही. त्याच्यापाशी आता तेवढं एकच उरलंय. तुमच्या समाधानासाठी ते मी काढून घेऊ देणार नाही. आणि शनिवारी तुम्ही माझ्याबरोबर यायचं. तो भेटायचं म्हणतोय. तो आभार मानेल. ते तुम्ही घ्यायचे, मान खाली घालून. तेवढी शिक्षा तुम्हाला झालीच पाहिजे.”

त्या दरम्यानच्या रविवारी चर्चमध्ये जे झालं ते सांगायलाच नको, पण सांगतो. बसमधली गोष्ट फिरत फिरत पाद्रीपर्यंत पोचली होती. त्यानं उपदेशाच्या मध्येच थांबून म्हटलं की आपल्यात अशा भगिनी आहेत ज्यांनी सत्तेपुढं सत्य सांगितलं, सिस्टर गॅस्किन्स, उभ्या राहा. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती दाराशी पांढऱ्या हातमोज्यांत उभीच होती, आणखी कुठं उभी राहणार? “आमेन!” “शाब्बास बाई!” चालू होतं. जेनीवा सर्वांत जोरात. अर्लीननं तोंड उघडलं आणि मिटलं. संधी होती, सगळी वस्ती समोर बसलेली, तिचा शब्द मानणारी. पण कौतुक असं काही चिकट असतं की त्यात पाय अडकतो. घरी येऊन तिनं हातमोजे काढले, धुवायला टाकले, आणि पुन्हा कधी घातले नाहीत. कंबर दुखते म्हणून सांगितलं.

शनिवारी दोघी तुरुंगात गेल्या. झडती झाली, चपला काढून झाल्या, दारांमागून दारं झाली. मोठ्या खोलीत टेबलं होती. केन्ड्रेल आला तो हसतच. आजीला मिठी मारली. मग अर्लीनकडे वळला आणि मोठ्या माणसासमोर राहावं तसा हात जोडून उभा राहिला.

“मिस अर्लीन, तुम्ही मला ओळखलं नाहीत ना? मला ती गोड पाकातली पीच आवडायची. तुम्ही ताट भरून द्यायचात आणि म्हणायचात, ‘पळ, कुणाला दाखवू नको.’”

“पीच सगळ्यांनाच आवडायची रे,” अर्लीन कशीबशी म्हणाली.

“पण मला जास्त द्यायचात,” तो म्हणाला. शेजारच्या टेबलावर एक कैदी आपल्या बायकोशी बोलत बसला होता. केन्ड्रेलनं त्याला हाक मारली. “ए, ह्याच त्या बरं का! सांगितलं होतं ना?” त्या माणसानं अर्लीनकडे पाहून मान झुकवली. अर्लीननं टेबलाकडे पाहिलं.

तो बोलत सुटला. इथलं जेवण कसं, कोण कसा, वाचनालयात काम मिळालंय. मग पुढं झुकला. “एक काम होतं तुमच्याकडे. वकीलबाई म्हणतात अपील करू. कदाचित खटला परत होईल, कदाचित. म्हणजे परत ज्युरी निवडतील. तुम्हाला वस्तीत सगळे मानतात. तुम्ही लोकांना सांगाल? म्हणावं, बोलावणं आलं की जा, आणि तो प्रश्न आला की मिस अर्लीनसारखे उभे राहा. सगळेच्या सगळे. सगळे उठले तर त्यांना ऐकावंच लागेल ना?”

टेबलाखाली ओरानं अर्लीनचा गुडघा घट्ट दाबला.

अर्लीन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! हो बाळा, सांगते. आणि मग हा आत बसून वाट बघणार, की लोक उठतील. लोक उठणारच होते. सगळेच्या सगळे उठणार, आणि घरी येऊन चिकन खाणार, आणि हा पुन्हा त्यांच्याकडे बघून हसणार.

“नको रे बाळा,” ती म्हणाली. ओराची बोटं गुडघ्यात रुतली, पण ती थांबली नाही. “उठायचं नसतं. जो उठतो त्याला ते घरी पाठवतात. बसून राहायचं असतं. बसून राहून मग, त्यांनी विचारलं तर, म्हणायचं की मी दोघांचं ऐकीन.”

“पण तुम्हाला त्यांनी काढलं.”

“काढलं नाही. मी निघाले. सगळे उठले ना त्या दिवशी, ते घरी जायला उठले होते.”

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं त्याच्या मागं काही उरलं नाही. ओरानं हात काढून घेतला आणि दुसरीकडे तोंड केलं.

“म्हणजे तुम्हाला राहता आलं असतं?” त्यानं विचारलं.

“हो.”

“आणि तुमचा भाऊ? ते खोटं होतं?”

“नाही. ते सगळं खरं होतं. मी त्याला सुटायला वापरलं.”

तो टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत राहिला. रागावला असता तर बरं. पण वळण असलेलं पोर होतं, मोठ्यांशी कसं बोलावं हे आजीनं शिकवलेलं.

“कुठं जायचं होतं तुम्हाला?”

“समुद्रावर,” अर्लीन म्हणाली. “चर्चच्या बायकांची सहल होती.”

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी. मग वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, की कशाच्या बदल्यात.

“मजा आली का?”

आणि तिथं अर्लीन गॅस्किन्सला खोटं बोलवेना.

“हो रे,” ती म्हणाली. “खूप मजा आली.”